वहिनींनी भरलेली गाडी

तेरा वर्षं ट्रक चालवलेल्या माणसाला गाडीत सामान कसं भरायचं हे कोणी शिकवायला लागलं, तर त्याचं डोकं फिरणारच. माझंही फिरलं. एकदा नव्हे, पाच दिवसांत निदान चाळीस वेळा. आणि शिकवणारं माणूस कोण, तर आमच्या वहिनी. उंचीला माझ्या खांद्याएवढ्या, आवाज कधी चढत नाही, आणि रागावल्या की जास्तच आदराने बोलतात. 'अहो भावजी, जरा इकडे येता का' असं गोड ऐकू आलं की समजायचं, आता आपली धडगत नाही.

आमचं गॅरेज रस्त्याच्या शेवटी आहे. शेवटी म्हणजे खरोखर शेवटी. डांबर आमच्या फाटकापाशी संपतं, पुढे थोडी खडी, दोन वाकलेले खांब, आणि मग वाळवंट. पाचशे वीस किलोमीटर नुसतं वाळवंट, आणि त्याच्या पलीकडे चाळीस घरांची एक वस्ती. गॅरेजला पत्र्याचं छप्पर आहे, गाडीखाली उतरायला खड्डा आहे, आणि एका भिंतीवर सगळे पाने टांगलेले असतात. प्रत्येक पान्याच्या मागे त्याचाच आकार रंगवलेला आहे, म्हणजे एखादा पाना जागेवर नसला तर भिंतच चुगली करते. मागे दोन खोल्या. तिथे वहिनी आणि माझी आई राहतात. मी आपला ट्रकवर, महिन्यातून दोनदा घरी.

गाडी चालवायचा माझा दादा आणि ती तयार करायच्या वहिनी, असा त्यांचा सोळा वर्षांचा संसार. थंडीच्या चार महिन्यांत वाळवंट माणसाला आत येऊ देतं. तेवढ्या दिवसांत दादा औषधं, सुटे भाग, वस्तीवर जे लागेल ते पोचवून यायचा. वहिनींचे वडील वजनकाट्यावर कारकून होते. वहिनींचा सगळा अभ्यास त्या काट्याशेजारच्या खोलीत झाला, ट्रक चढताना-उतरताना बघत. आमच्या घरी आल्या तेव्हा त्यांना पाना कसा धरायचा हेही माहीत नव्हतं. दादाने शिकवलं. तीन वर्षांनी दादाच त्यांना विचारायला लागला की हा आवाज कुठून येतोय गं. बाहेरगावचे लोकही वाळवंटात जायच्या आधी आपल्या गाड्या वहिनींकडे सोडायला लागले. मिशीवाले मोठमोठे ड्रायव्हर त्यांच्यासमोर शाळेतल्या पोरांसारखे उभे राहिलेले मी पाहिले आहेत.

आठ महिन्यांपूर्वी एका दुपारी दादा जेवला, 'पाच मिनिटं पडतो' म्हणाला, आणि उठलाच नाही. वहिनी रडल्या नाहीत. पंधराव्या दिवशी त्यांनी गॅरेज उघडलं. लोक म्हणाले, बाई दगडाची दिसते. मला त्या लोकांचा राग आला. पण खरं सांगायचं तर मनातून मलाही तसंच वाटलं होतं, आणि त्याची लाज अजून जात नाही.

मग थंडी आली, आणि वस्तीवरून वायरलेसवर निरोप आला. विहिरीवरचा पंप कायमचा बंद पडला होता. विहीर इतकी खोल की दोरीने ओढून चाळीस घरांना पुरणार नाही. टाकीत बारा दिवसांचं पाणी होतं, तेही जपून वापरलं तर. नवा पंप दोन दिवसांत आमच्या फाटकापर्यंत येणार होता. पुढे वाळूतून नेणारी गाडी एकच, दादाची. आणि माणूस महिनाभर तरी दुसरा मिळण्यासारखा नव्हता.

मी मालकाच्या टेबलावर ट्रकची किल्ली ठेवली आणि घरी आलो. दादाबरोबर मी दोनदा त्या वाटेने गेलो होतो, शेजारच्या सीटवर बसून. तेवढीच माझी लायकी. वहिनी खड्ड्यातून वर आल्या, कोपरापर्यंत काळ्या.

"जाल?" त्यांनी विचारलं.

"जाईन."

"पाचव्या दिवशी पहाटे निघायचं. तोवर मी सांगेन ते करायचं."

मी मान हलवली. म्हटलं, त्यात काय एवढं.

पहिला दिवस वहिनींनी गाडीखाली काढला. मी दिवा धरून. गाडीच्या अंगावर जेवढे नट-बोल्ट आहेत तेवढ्या सगळ्यांना त्यांनी हात लावला. घट्ट केला की बारीक ब्रशने नटावरून बोल्टवर पांढऱ्या रंगाची एक रेघ ओढायच्या. वाटेत नट जरा जरी फिरला तर रेघ तुटलेली दिसते, मग पाना लावून बघत बसावं लागत नाही. दुपारपर्यंत एकशे अठरा रेघा झाल्या. माझा हात दुखून आला तर म्हणाल्या, "अहो भावजी, दमलात का? बसा थोडं. दिवा मी दातात धरते." मी काय बसतोय.

संध्याकाळी एअर फिल्टरची पाळी. वाळवंटातली धूळ पिठापेक्षा बारीक असते, आणि एक चिमूट आत गेली की इंजिन आतून खरवडून निघतं. फिल्टर नवा होता, रबर नवं होतं. मी म्हणालो, झालं की. त्यांनी फिल्टरच्या पुढची, इंजिनाकडे जाणारी नळी सोडवली, बोटाने आतून ग्रीसचा पातळ हात फिरवला, नळी परत बसवली आणि मला म्हणाल्या, "जा, खडीवर तासभर गाडी फिरवा. स्वतःचीच धूळ खात गोल गोल." मी फिरवली. परत आल्यावर त्यांनी नळी उघडून पांढऱ्या फडक्याने ते ग्रीस पुसलं, बोटांत चोळलं आणि फडकं माझ्यासमोर धरलं. मला काही दिसेना. "चोळून बघा," म्हणाल्या. चोळलं तर एक कण लागला. एकच. कुठूनतरी धूळ आत शिरत होती. रात्रीच्या जेवणाआधी त्यांनी ती जागा शोधली आणि बुजवली. फिल्टरच्या डब्याच्या झाकणाला नखाएवढी चीर होती. मी थक्क झालो. मी त्या झाकणावर दोनदा हात ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी पंप आला. लाकडी चौकटीत, अंगाने बैलाएवढा. गॅरेजच्या वजनकाट्यावर दोनशे दहा किलो. मग प्रत्येक वस्तू काट्यावर चढली आणि वहिनींनी भिंतीवर खडूने आकडे लिहिले. डिझेल, पाणी, दोन जादा चाकं, फावडं, चाक रुतलं की खाली घालायच्या लोखंडी जाळीच्या पाट्या, जॅक, जॅकखाली ठेवायची फळी, हत्यारं, अंथरूण, खाणं. मीसुद्धा. सगळं मिळून सहाशे किलोच्या वर जायचं नाही, नाहीतर मऊ वाळूत गाडी बसते ती बसतेच. माझ्या पिशवीतून त्यांनी दुसरे बूट काढले, दाढीचं सामान काढलं, रेडिओ काढला.

"वहिनी, दात तरी राहू द्या," मी म्हणालो.

"ते मोजलेत मघाशी, तुमच्यातच," त्या म्हणाल्या. आई दारातल्या स्टुलावर बसून बटाटे सोलत होती, ती हसली. दादा गेल्यावर त्या घरात कोणी हसलेलं मी पहिल्यांदाच ऐकलं.

पाणी एका मोठ्या टाकीत नाही, चार कॅनमध्ये, कारण एक फुटली तर तीन राहतात. टपावर जड काही नाही, कारण उतारावर गाडी कलंडते. डब्याला डबा लागू द्यायचा नाही, कारण पाचशे किलोमीटर हादरे बसले की पत्र्याने पत्रा घासून भोक पडतं. प्रत्येक डब्यावर जुना मोजा चढवला. दादाचेच मोजे होते ते.

तिसऱ्या दिवशी माझी परीक्षा सुरू झाली. गाडी पूर्ण भरून, पट्ट्यांनी आवळून झाली होती. वहिनींनी माझ्या डोळ्यांवर टॉवेल बांधला.

"हे कशाला?"

"धुळीचं वादळ आलं की डोळे उघडता येत नाहीत. मी वस्तूचं नाव घेईन. पाच म्हणायच्या आत ती हातात पाहिजे." आणि लगेच, "एकवीसचा पाना. एक, दोन..."

मी हात घातला तो डिझेलच्या कॅनवर आपटला. "पाच," वहिनी म्हणाल्या. "टॉर्च." टॉर्च शोधताना मी पाण्याचा पेला पाडला. "पाच. जॅकची फळी." फळी सापडली, पण पट्टा सुटेना. बक्कल उलटंच वाटत होतं, माझा अंगठा भलत्याच बाजूला जात होता. "पाच. भावजी, हात आहेत की वल्ही?"

संध्याकाळपर्यंत मी वीसपैकी तीन वस्तू वेळेत काढल्या. चौथ्या दिवशी दुपारपर्यंत वीसपैकी चार. माझ्या नाकी नऊ आले. ट्रकचं चाक मी एकट्याने बदलतो, घाटात, पावसात. आणि इथे स्वतःच्या दादाच्या गाडीत मला साधा पाना सापडत नव्हता. वहिनीही थकल्या होत्या. त्यांचा आवाज इतका गोड झाला होता की अंगावर काटा यावा.

शेवटी मी टॉवेल ओढून जमिनीवर फेकला. "मला नाही जमत. दादाला जमायचं, मला नाही. मी काय करू? तिकडे पाणी संपत चाललंय आणि आपण इथे आंधळी कोशिंबीर खेळतोय. मला जाऊ द्या, मी डोळे उघडे ठेवून जाईन."

"आणि वादळात?"

"वादळात मरेन."

हे बोलायला नको होतं. मला ते शब्द तोंडातून निघाल्याबरोबर कळलं. वहिनींनी जमिनीवरचा टॉवेल उचलला, झटकला आणि त्याची घडी घातली.

तेव्हा दारातून आई म्हणाली, "अगं सूनबाई, तो डावरा नाही."

वहिनींनी तिच्याकडे बघितलं.

"मोठा डावरा होता," आई म्हणाली. "हा उजवा आहे. दोन दिवस मी बघतेय. मला वाटलं तुझ्या लक्षात येईल."

वहिनी गाडीकडे वळल्या. मीही वळलो. आणि मग दिसलं ते इतकं सरळ होतं की आपण दोन दिवस काय बघत होतो असं वाटलं. टॉर्च डाव्या हाताला. हत्यारांची पेटी मागच्या दाराच्या डाव्या अंगाला, झाकण डावीकडून उघडणारं. प्रत्येक पट्ट्याचं बक्कल डाव्या अंगठ्याने सुटेल असं लावलेलं. फावड्याचा दांडा डावीकडे. सोळा वर्षं ती गाडी ज्या हातांसाठी भरली, त्याच हातांसाठी ती आत्ताही भरली होती. बाहेरच्या गिऱ्हाइकाला वहिनी पहिला प्रश्न विचारतात, तुम्ही लिहिता कुठल्या हाताने. मला विचारलं नव्हतं. घरच्या गाडीला कोण विचारतं? आणि मीही असा शहाणा, की मला माझाच हात उजवा आहे हे आठवलं नाही. मला वाटलं ही गाडीच अशी, दादाचीच, मला वश होणार नाही.

वहिनी गाडीच्या पायरीवर बसल्या. आपल्या दोन्ही हातांकडे बघत राहिल्या.

"मी ह्यांच्यासाठी भरत होते," त्या म्हणाल्या. मला नाही, आईला नाही, कोणालाच नाही. "ह्यांनाच पाठवत होते मी."

आणि मग त्या रडल्या. आठ महिन्यांचं सगळं एकदम. मी तिथे एकवीसचा पाना हातात घेऊन उभा होतो, तो कुठे ठेवावा तेही कळेना. आई उठली, हळूहळू आली आणि त्यांच्या शेजारी पायरीवर बसली. दोघींना ती पायरी पुरत नव्हती. बराच वेळ तशाच बसल्या, आणि मी बाहेर जाऊन खडीवर उगाच चकरा मारल्या.

परत आलो तेव्हा वहिनींनी तोंड धुतलं होतं. "पट्टे सोडा," म्हणाल्या. "सगळं उतरवायचं. परत भरायचं."

"वहिनी, एक दिवस जाईल. उद्या पहाटे निघायचं ठरलंय. मी डाव्या हाताची सवय करतो."

"एका रात्रीत?"

"मग वाटेत करतो."

"भावजी, तिकडे चाळीस घरं पंपाची वाट बघताहेत. तुम्ही मधे अडकलात तर त्यांना पंपही नाही आणि पाणीही नाही. आणि मला..." त्या थांबल्या. "दिवस गेला तर जाऊ दे. पट्टे सोडा."

पाचवा दिवस सबंध त्यातच गेला. पण ते काम मी जन्मात विसरणार नाही. या वेळी त्या प्रत्येक वस्तू ठेवायच्या आधी मला उभं करायच्या, डोळे मिटायला लावायच्या, आणि विचारायच्या, "आता पाना लागला तर हात आपोआप कुठे जातो?" माझा हात जिथे जाई, तिथे वस्तू. माझ्या हाताची लांबी त्यांनी टेपने मोजली. मला खाली वाकताना डावा गुडघा आधी टेकवायची सवय आहे, हे मला त्या दिवशी त्यांच्याकडून कळलं, आणि जॅक त्याप्रमाणे सरकला. वजन हललं म्हणून पंप चार बोटं मागे घेतला. अठ्ठावीस बक्कलं उलटी केली. दर बक्कल उलटं करताना त्या क्षणभर थांबायच्या, मग करायच्या. संध्याकाळी डोळ्यांवर टॉवेल. वीसपैकी वीस. एकदाही पाचापर्यंत जावं लागलं नाही.

सहाव्या दिवशी पहाटे निघालो. आई फाटकापर्यंत आली. वहिनी आल्या नाहीत, गॅरेजच्या आतूनच म्हणाल्या, "हवा पंधरा पौंड. खडी संपली की लगेच, आळस नाही करायचा." गाडीतला वायरलेस साठ किलोमीटरपर्यंतच चालतो. दुपारी तो खरखरला आणि बंद झाला. तिथून पुढे वस्तीपर्यंत त्यांना माझी खबर लागणार नव्हती आणि मला त्यांची.

पहिला दिवस वाळूच्या टेकड्यांचा. चाकांतली हवा कमी केली की टायर पसरट होतात आणि वाळूवर तरंगतात. दोनदा रुतलो, फावडं मारलं, पाट्या घातल्या, निघालो. दुसऱ्या दिवशी वाळू संपून सपाट माळ लागला, बारीक काळ्या खड्यांचा. त्याबद्दल कोणाला सांगायला गेलं की ते मान डोलावतात, पण समजत नाही कोणाला, आणि दोष त्यांचा नाही. सगळीकडे सारखं. झाड नाही, दगड नाही, उंचवटा नाही. होकायंत्राचा काटा बघत दोन तास गाडी चालवल्यावर मला शंका आली की आपण जागचे हललोच नाही. मी थांबलो, खाली उतरलो, आणि मागे वळून चाकांच्या खुणा बघितल्या. होत्या. सरळ मागे जात जात आकाशात शिरल्या होत्या. इंजिन बंद केलं तर इतकी शांतता की माझं रक्त मला ऐकू यायला लागलं. मी टोपी काढली. का काढली ते माहीत नाही. दादा दर खेपेला या जागेतून एकटा गेला आणि घरी येऊन फक्त 'बरा झाला प्रवास' म्हणाला, याचं मला त्या क्षणी फार नवल वाटलं.

तिसऱ्या दिवशी तिसऱ्या प्रहरी एका धारदार खड्याने मागचं टायर बाजूने फाडलं. फळी ठेवली, जॅक लावला, गाडी उचलली, चाक सोडवलं, पाना आणि नट शिकवल्याप्रमाणे परत आपापल्या जागी ठेवले. आणि मान वर केली तर क्षितिजावर एक भिंत. तांबूस, जमिनीपासून आकाशापर्यंत, आणि चालत येणारी. मी हातपाय गाळले, हे कबूल करतो. गाडी तीन चाकांवर, वर दोनशे दहा किलोचा पंप, आणि वारा आला की फळीखालची माती उडणार. चाक बसवायला पाहिजे होतं, आणि तेव्हाच.

नवं चाक उचललं आणि भिंत माझ्यावर आली. डोळे गच्च मिटले. नाकात, कानात, दातांत धूळ. गाडी डुलत होती, जॅक कुरकुरत होता. मी मोठ्याने म्हणालो, एकवीसचा पाना, आणि हात मागे नेला. पाना हातात. नट, म्हणालो. नटांची डबी, मोजा चढवलेली, हातात. एक नट वाळूत पडला. जादा नट, म्हणालो, आणि हात पेटीच्या उजव्या कोपऱ्यात गेला, तिथे पिशवी होतीच. मी एकही बोट उगाच हलवलं नाही. जिथे हात जाई तिथे ती बाई माझ्या आधी जाऊन पोचलेली होती. पाचव्या नटाला मी रडत होतो, भीतीने नव्हे. एका माणसाने दुसऱ्या माणसाचा इतका विचार केलेला असतो हे मला माहीतच नव्हतं. शेवटचा नट आवळला, जॅक खाली घेतला, गाडीत शिरलो आणि दार लावलं. वादळ दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चाललं.

वस्ती दिसली ती पाचव्या संध्याकाळी. म्हणजे निरोप आल्यापासून दहावा दिवस. टाकीच्या तळाशी वीतभर पाणी होतं, आणि माणसं माणशी दोन पेले मोजून घेत होती. विहिरीवरचा पंप सांभाळणाऱ्या मावशी साठीच्या पुढच्या, हाताला घट्टे पडलेल्या. दुसऱ्या दिवशी पहाटेपासून त्यांनी आणि त्यांच्या दोन भावांनी पंप बसवला. दुपारी इंजिन धडधडलं, पाइप थरथरला, आधी हवा आली, मग गढूळ थुंकी, आणि मग पाणी. कोणी ओरडलं नाही. लोक नुसते जवळ जवळ येत गेले. एका म्हाताऱ्याने पाण्याखाली हात धरला आणि काढलाच नाही.

मावशींनी पहिला पेला मला दिला. मग गाडीभोवती एक चक्कर मारली, बक्कलं बघितली, मोजे बघितले. "तिनेच भरलीय," म्हणाल्या. "तुझा दादा दर खेपेला म्हणायचा, पुढच्या वेळी हिला आणतो, हे सगळं दाखवतो. आणि दर खेपेला ती म्हणायची, माझ्या जागी औषधांची आणखी तीन खोकी जातील, तीच न्या. आमच्याकडची पोरं तिच्या वाटणीची औषधं घेऊन वाढलीत."

हे मला माहीत नव्हतं. घरात कोणालाच माहीत नव्हतं.

वस्तीवरच्या उंच खांबावरून आमच्या गॅरेजपर्यंत बोलता येतं, पण बॅटरी जपायला रोज दुपारी चारलाच. चार वाजता मी बटण दाबलं. पहिल्याच हाकेला उत्तर आलं. सहा दिवस त्या यंत्राशेजारीच बसल्या असणार.

"पोचलात?" वहिनी म्हणाल्या.

"काल संध्याकाळी. पंप बसला. पाणी आलं, वहिनी."

पलीकडून काही ऐकू येईना. मला वाटलं यंत्र बंद पडलं. मी त्याला दोन थापट्या मारल्या.

"आहे मी," त्या म्हणाल्या. "गाडी कशी आहे?"

"एक टायर गेलं. वादळात बदललं, डोळे मिटून. सगळं हाताला आलं. पाचाच्या आत."

"मग ठीक." "भावजी, पंधरा दिवसांनी पाइपची खेप आहे. एकशे तीस किलो पाइप. पंप नाही, म्हणजे ऐंशी किलो मोकळे राहतात."

"हो. काय पाठवायचंय?"

"एकोणसाठ किलो," वहिनी म्हणाल्या. "कपड्यांसकट. आज सकाळी काट्यावर उभी राहून बघितलं."

बाहेर पंप चालू होता, आणि त्याच्या आवाजात त्यांनी घाईघाईने, जन्मात पहिल्यांदा मला वजनाबद्दल विचारलं, "जागा आहे ना?"

"आहे, वहिनी," मी म्हणालो.